कण्याचे तीन वाटे

माझ्या सासुरवाडीत अख्खी वस्तू सापडणं कठीण. सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा बाळूने, म्हणजे माझ्या धाकट्या मेहुण्याने, सगळ्यांदेखत थोरल्याला विचारलं होतं, ‘दादा, घराचे कागद इतके दिवस तूच का दाबून ठेवलेस?’ कागद कपाटात होते आणि कपाटाला कुलूपही नव्हतं. पण तो शब्द दादांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून त्यांनी नेमच धरला. काहीही असो, त्याचे तीन वाटे करायचे, तिघा भावंडांच्या हातात तीन द्यायचे आणि स्वतःकडे जास्तीचं काही ठेवायचं नाही.

बशा सहा-सहा झाल्या. एका वाडग्याला झाकण होतं, तर वाडगा आमच्याकडे आला, झाकण बाळूकडे गेलं आणि दादांनी त्याबदल्यात डाव घेतला. फोटोंचा अल्बम उसवून पानं वाटली. आमच्या वाट्याच्या पानांत माझं स्वतःचं लग्न अर्ध्यावर थांबतं. पुढे काय झालं ते बघायचं तर दादांच्या घरी जावं लागतं. शेवटी सासूबाई उरल्या. त्यांचे चार-चार महिन्यांचे वाटे झाले. यावर त्या एकदाच बोलल्या. ‘लीप वर्षातला जास्तीचा दिवस कोणाकडे काढायचा, तेवढं सांगून ठेवा.’ दादांनी ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगितलं.

मी पंपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. आलं किती, गेलं किती, उरलं किती, यातच माझा जन्म गेला. त्यामुळे खरं सांगायचं तर दादांचं हे वाटप मला मनोमन आवडायचं. इतका स्वच्छ हिशेब आमच्या कारखान्यातसुद्धा बघायला मिळत नाही.

दीडेक वर्षापूर्वी सासूबाई दादांच्या वाट्याला असताना त्यांची पाठ धरली. दादांच्या गावात त्यांचा एमआरआय झाला आणि मणक्यालगत एक लहानशी गाठ दिसली. तिथले डॉक्टर म्हणाले, सध्या बघत राहू. पुढे दुखणं ओसरलं आणि बघत राहणंही. सेंटरने चित्रांची एक डिस्क दिली होती. दादांनी ती ऑफिसात नेऊन सगळ्या चित्रांची मिळून एकच फाइल बांधली. ती भरली साठ एमबीची. ऑफिसच्या मेलला पंचवीसच्या वरचं ओझं झेपत नव्हतं, म्हणून ती कापणं आलं.

आता सरळ माणसाने तिन्ही तुकडे तिघांनाही पाठवले असते. दादांनी पहिला तुकडा स्वतःकडे ठेवला, दुसरा माझ्या बायकोला पाठवला, तिसरा बाळूला. आई एक, आई दोन, आई तीन अशी त्यांना नावं दिली. कापणारा प्रोग्रॅम मात्र दादांच्या तत्त्वाचा नव्हता. त्याने आधी चोवीसचा तुकडा काढला, मग पुन्हा चोवीसचा, आणि उरलं ते बाराचं बाळूच्या नावावर गेलं.

कोणाला किती गेलं ते दादांनी मेलमध्ये लिहिलंच होतं. बाळूचा मेल दादांना त्याच संध्याकाळी आला. ‘तुम्हा दोघांना चोवीस-चोवीस आणि मला बारा. शेंडेफळाला उरलंसुरलंच मिळायचं, हे माहीत आहे. पण आईच्या बाबतीतही?’

दादांनी सविस्तर उत्तर दिलं, की कुठलीही लांब वस्तू ठरावीक मापाने कापत गेलं की शेवटचा तुकडा लहानच निघतो. त्यावर बाळूने लिहिलं, ‘शेवटचा कोण, हे कोणी ठरवलं?’ दादांनी सकाळी ऑफिसात जाऊन फाइल पुन्हा कापली. वीस, वीस, वीस. नावं तीच ठेवली आणि पुन्हा पाठवली. मग आपल्याकडची अख्खी फाइल पुसून टाकली. आईचं सगळं दादाने दाबून ठेवलं, असं पुन्हा कोणी म्हणायला नको.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवाची दुपार; यातलं बरंचसं मलाही तेव्हाच कळलं.

सासूबाईंच्या पाठीने पुन्हा डोकं वर काढलं. त्या बाळूकडे होत्या. त्याने नवं स्कॅन करून घेतलं आणि एका मोठ्या सर्जनची वेळ मिळवली. ‘जुने रिपोर्ट सोबत आणा,’ असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. तिघांनीही ते ऐकलं आणि तिघांनी इमानदारीने आपापला वाटा आणला. दादा पहाटेची गाडी धरून आले होते; त्यांच्या खिशात पेनड्राइव्ह. बाळूच्या गळ्यातल्या दोरीला पेनड्राइव्ह. आमच्या हिच्याकडे मात्र फोनमध्ये होतं, कारण ती थेट कामावरून आली होती. पाणीपुरवठ्याच्या बिलांच्या खात्यात ती नोकरी करते. महिनाअखेर होती, आणि दारात पाऊल टाकल्यापासून ती भिंतीला टेकायला जागा शोधत होती.

सर्जन कमी बोलणारे होते. नवी चित्रं पडद्यावर लावून त्यांनी पेनाच्या टोकाने गाठ दाखवली. ‘जुनं स्कॅन?’

दादांनी पेनड्राइव्ह पुढे केला. बाळूने गळ्यातली दोरी काढली. हिने फोन टेबलावर ठेवला.

‘यातलं कुठलं?’

‘तिन्ही मिळून एक आहे,’ दादा म्हणाले.

सर्जनने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जावई असल्यामुळे खिडकीतून बाहेर पाहिलं.

‘हे बघा,’ ते म्हणाले, ‘गाठ वाढतेय की आहे तेवढीच आहे, हे मला नुसत्या नव्या चित्रावरून सांगता येणार नाही. तेवढीच असेल, तर या वयात मी तिला हात लावणार नाही. औषधं देईन, व्यायाम देईन. पण जुनं नसेल, तर थांबा म्हणायची जोखीम मी घेणार नाही. मग ऑपरेशन धरून चाला. माझे बाहेरचे पेशंट होईपर्यंत जोडून आणा. त्यानंतर मी निघतो, आणि पुढच्या आठवड्याच्या ऑपरेशनांचं मला आजच सांगून जायचं असतं.’

‘मला कापू नका,’ सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. दुकानात नको असलेला माल परत सरकवावा, तसं म्हणाल्या.

‘आजी, म्हणूनच जुनं मागतोय.’

बाहेरच्या खोलीत हिरवट प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या. एक जण बसला की सगळी रांग हलायची. काउंटरमागे एक बाई होत्या. सकाळपासून तीच तीच उत्तरं देऊन त्यांचा चेहरा पाठ केल्यासारखा झाला होता. आमची अडचण ऐकून त्यांनी बाजूचा रिकामा कंप्युटर दाखवला.

‘हा घ्या. पण यात नवीन काही टाकायचं नाही हं. आम्हालाच परवानगी नाही. मागे एकाने काहीतरी बसवलं, तर दोन दिवस सगळं बंद होतं.’

‘आमच्या ऑफिसात जोडायचा प्रोग्रॅम आहे,’ दादा म्हणाले.

‘ऑफिस आणलंयस का सोबत?’ बाळूने विचारलं. त्या दोघांत सकाळपासूनचं हे पहिलं संभाषण.

‘आणि डिस्क?’ मला एकदम आठवलं. ‘मूळ डिस्क कुठे आहे? ती असेल तर हे जोडायलाच नको.’

‘डिस्क मी आईच्या बॅगेत दिली होती,’ दादा म्हणाले. ‘तिची वस्तू, तिच्यासोबत फिरावी.’

सगळे सासूबाईंकडे वळले.

‘ती चकचकीत तबकडी होय?’ त्या म्हणाल्या. ‘ती बाळूच्या बाल्कनीत बांधली. कबुतरं फार यायची.’

‘आई! ती एमआरआयची होती?’ बाळू ओरडला. ‘मी वर्षभर बघतोय, मला वाटलं ताईकडचं गाण्यांचं काहीतरी!’

‘उन्हात तडकली मग. पण काम चांगलं केलं तिने. आणि मला कोणी सांगितलं होतं, त्यात मी आहे म्हणून?’

सेंटरला फोन करून झाला. सेंटर बंद पडून तिथे आता टायरचं दुकान होतं. दादांनी ते सकाळीच गाडीतून पाहिलं होतं. तेव्हा उरले ते हे तीन तुकडे.

आमची ही उठली. फोन आणि दोन्ही पेनड्राइव्ह घेऊन कंप्युटरसमोर बसली, काउंटरवरच्या बाईंकडून फोनची वायर मागून घेतली, तिन्ही फाइली एका जागी उतरवल्या आणि काळी खिडकी उघडली. काळ्यावर पांढरी अक्षरं, बटणं नाहीत, चित्रं नाहीत, सगळे हुकूम टाइप करून द्यायचे.

‘हे काय उघडलंस?’ बाळू म्हणाला. ‘हॅक करतेस का?’

‘हे आधीपासून आतच असतं. बसवावं लागत नाही. आमच्याकडे सगळ्या वॉर्डांतून बिलांच्या वेगवेगळ्या फाइली येतात. रोज सकाळी मी यातच जोडते.’

‘रोज?’

‘रोज. इतकी वर्षं. तुला काय वाटलं, मी तिथे नळ दुरुस्त करते?’

ती टाइप करत गेली. कॉपी. मग तिरकी रेघ आणि बी. मग आई एक, अधिकचं चिन्ह, आई दोन, अधिकचं चिन्ह, आई तीन, आणि शेवटी नव्या अख्ख्या फाइलचं नाव. तिने नुसतंच ‘आई’ ठेवलं.

‘हा बी कशाला?’ दादांनी विचारलं. काम चालू असताना प्रश्न विचारल्याशिवाय आपण त्यात आहोत असं त्यांना वाटत नाही.

‘तो नसला तर हा तुकडे वाचत बसतो. वाचता वाचता एखादी विशिष्ट खूण दिसली, की इथे संपलं असं समजतो आणि पुढचं सगळं सोडून देतो. बी घातला की वाचत नाही. आहे तसं एकापुढे एक ठेवतो.’

‘पहिल्यात आईची मान असेल,’ दादा म्हणाले. ‘दुसऱ्यात मधला भाग आणि तिसऱ्यात कंबर. वरून खाली.’

‘म्हणजे कंबर माझ्याकडे,’ बाळू म्हणाला. ‘दुखते तीच, आणि वर्षभर सांभाळली मी.’

‘माझी मान कुणाकडे आहे म्हणालात?’ सासूबाईंनी खुर्चीवरून विचारलं. ‘जरा चोळा तिला.’

‘असं नसतं रे,’ ही म्हणाली. ‘तुकड्यात अर्धं चित्र नसतं. तिन्ही मिळेपर्यंत कोणाकडेच काही नसतं.’

तिने बटण दाबलं. एक फाइल कॉपी झाली, असं पांढऱ्या अक्षरांत आलं. दादांनी मोठा श्वास सोडला. हिने नवी फाइल उघडायला घेतली, आणि कंप्युटर म्हणाला, फाइल खराब आहे, उघडता येत नाही.

तिने पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. आतून एक पेशंट बाहेर आला, दुसरा आत गेला. काउंटरवरच्या बाईंनी आमच्याकडे न बघता सांगितलं, ‘आता दोनच राहिलेत.’

काळ्या खिडकीत फाइलींची नावं आणि पुढे त्यांची वजनं दिसत होती. आकडे दिसले की मला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. ‘वीस, चोवीस, वीस,’ मी म्हटलं. ‘चौसष्ट होतात. फाइल तर साठची होती ना?’

‘म्हणजे चार जास्तच आहेत,’ बाळू म्हणाला. ‘मग उघडायला काय होतंय? कमी असतं तर समजलं असतं.’

त्या क्षणी मलाही ते पटलं होतं, हे कबूल करतो. गोदामात माल जास्त भरला तर कोणी आरडाओरडा करत नाही.

दादा मात्र वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग सरळ झाले. ‘चिमे, तुझं चोवीसचं आहे.’

ते अजून हिला चिमी म्हणतात. पन्नाशीला आलेल्या बाईला.

‘तूच पाठवलंस ना.’

‘ते रद्द झालं. बाळूने कटकट केली म्हणून मी पुन्हा कापली होती. वीस-वीस-वीस. माझा नवा पहिला आहे, याचा नवा तिसरा आहे, आणि तू जुना दुसरा आणलायस. काप वेगळ्या ठिकाणी पडलेत. माझा तुकडा विसाव्याला संपतो आणि तुझा चोविसाव्याला सुरू होतो. मधले चार कुणाकडेच नाहीत. आणि तुझ्यातले शेवटचे आठ याच्याकडेही आहेत.’

म्हणजे चार जास्त भरत होते, कारण आठ दुप्पट होते आणि चार गायब. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा माल मी पाहिलेला नव्हता.

‘मला एकच मेल आला,’ ही म्हणाली.

‘दोन पाठवले मी.’

‘एकच आला, दादा.’

‘मी पाठवत नाही असं म्हणायचंय का तुला? मी तर मुद्दाम तिघांना एकत्र पाठवला, म्हणजे कोणाला काय दिलं हे सगळ्यांना दिसावं.’

‘मग तुझा जुना पहिला दे. बाळूकडे जुना तिसरा असेल का?’

‘आहे की!’ बाळूने फोन काढला. ‘तो बाराचा जपून ठेवलाय मी. पुरावा म्हणून.’

‘बघ. तुझा जुना दे दादा, की जुळलं.’

दादांनी चष्मा काढून पुसला. ‘पुसून टाकला. नवी वाटणी झाली की जुनी ठेवायची नसते. घोळ होतो.’

‘मोठाच घोळ टाळलास,’ बाळू म्हणाला.

‘तू तोंड उघडू नकोस. तुझ्या बारा-चोवीसमुळे झालंय हे.’

‘माझ्यामुळे? आईची फाइल कोणी कापली? लोक केक कापतात, जमीन कापतात. तू आईची पाठ कापलीस!’

‘कागद दाबून ठेवले, हे कोण म्हणालं होतं?’

खुर्च्यांची रांग हलायला लागली होती, कारण दोघंही एकाच रांगेच्या टोकांना धरून उभे होते. मध्ये बसलेल्या सासूबाई त्या हेलकाव्यात पुढे-मागे होत होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘यांचे बाबा असते तर त्यांनी आता चहाला म्हणून पळ काढला असता,’ त्या मला म्हणाल्या. ‘तुम्ही जाता का, जावईबापू? मला पण आणा.’

मी गेलो नाही, कारण माझं लक्ष बायकोकडे होतं. ती भांडणात पडली नव्हती. तिने फोनची वायर काढून फोन हातात घेतला होता आणि तिचं बोट पडद्यावर एका जागी थांबलं होतं. कुठे थांबलंय, ते मला ठाऊक होतं. मेलमधला तो कप्पा तिने माझ्यासमोर केला होता.

अल्बमच्या वाटणीचा काळ होता तो. दिवसभर लोकांच्या बिलांच्या तक्रारी वाचून ती घरी यायची आणि फोनमध्ये दोन्ही भावांची पत्रं थांबलेली असायची. एकाने दुसऱ्याला लिहायचं आणि हिला साक्षीदार ठेवायचं. एका रविवारी तिने मेलला सांगून टाकलं, की ज्या पत्रावर या दोघांचीही नावं असतील ते मला दाखवायचं नाही, परस्पर एका कप्प्यात टाकायचं. त्या दिवशी ती दुपारी झोपली होती. मी तिला कित्येक महिन्यांनी दुपारी झोपलेली पाहत होतो, म्हणून काही बोललो नाही. त्यामुळे पुढे आईच्या तुकड्याचा पहिला मेल दादांनी तिला एकटीला केला होता, तो आला. दुसरा, सगळ्यांना दिसावा म्हणून तिघांना मिळून केलेला, थेट कप्प्यात गेला.

तिने कप्पा उघडला. बाळू तिच्या खांद्यावरून बघत होता.

‘ताई, हे काय? “कटकट”?’

‘तुमचं आहे. दोघांचं.’

‘सगळंच न वाचलेलं?’ न वाचलेल्यांचा आकडा तीन अंकी होता. ‘एकही नाही वाचलंस?’

‘शोधू दे मला.’

दादाही वाकले. त्यांना ‘कटकट’ हा शब्द दिसला असणार. त्यांनी हळूच एक पाऊल मागे घेतलं. दादा मागे सरले म्हणजे लागलंय, हे घरात सगळ्यांना कळतं.

ती खाली खाली सरकवत होती. विषयांच्या ओळी पळत होत्या. झाकणाबाबत. पुन्हा झाकणाबाबत. आईचा चष्मा. सुधारित वाटप. अंतिम सुधारित वाटप. मध्येच बाळू म्हणाला, ‘थांब.’

ती थांबली.

‘हा. हा पण नाही वाचलास?’ आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. ‘आईला रात्री उठवताना माझी पाठ धरली होती. वाकताच येत नव्हतं. थोडे दिवस कोणी आईला नेता का, म्हणून लिहिलं होतं. दादाने लिहिलं, वेळापत्रकात बसत नाही. तुझं काहीच आलं नाही. मला वाटलं...’

‘काय वाटलं?’

‘काही नाही. वाटलं, ताई पण.’

ही पडद्याकडेच बघत राहिली. ‘फोन करायचास बाळू.’

‘फोन केला की तू म्हणतेस, आता दमलेय, मेल कर.’

ती असं म्हणते. मी रोज ऐकतो. तिने मान हलवली आणि पुन्हा सरकवायला लागली. काउंटरवरच्या बाई आता उघडपणे ऐकत होत्या. त्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, ‘शेवटचे आत गेलेत. मी त्यांना म्हटलं होतं दोन मिनिटांचं काम आहे, पण ते बोलके आहेत. तुमचं नशीब.’

सापडला. दादांचा दुसरा मेल, खाली चिकटवलेली फाइल, आई दोन, वजन वीस. तिने वायर पुन्हा जोडली, जुना तुकडा पुसायला गेली आणि थांबली. पुसला नाही, त्याचं फक्त नाव बदललं. काळ्या खिडकीत वरच्या बाणाचं बटण दाबलं, तेव्हा मघाची ओळ जशीच्या तशी परत आली. तिने बटण दाबलं.

वीस, वीस, वीस. खाली साठ.

फाइल उघडली. आत एक फोल्डर, फोल्डरमध्ये चित्रांची रांग. तिने एकावर टिचकी मारली आणि काळ्या पडद्यावर सासूबाई आल्या. मानेपासून माकडहाडापर्यंत एकसंध. मणके एकाखाली एक, किंचित डावीकडे झुकलेले, दीड वर्षापूर्वीचे.

सासूबाई उठून आल्या, चष्मा सावरून त्यांनी नीट पाहिलं.

‘ही मी?’

‘हो आई.’

‘वाकडीच आहे की.’

शेवटचे पेशंट बाहेर पडताच आम्ही आत गेलो, आणि सर्जनने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. एकावर रेघ ओढून माप घेतलं, दुसऱ्यावर घेतलं, मग आडव्या बाजूने पुन्हा दोन्ही घेतली. दादा भिंतीला टेकून उभे होते. बाळूने आईच्या खुर्चीची पाठ धरली होती, एक हात स्वतःच्या कमरेवर.

‘आहे तेवढीच आहे,’ सर्जन म्हणाले. ‘तसूभर फरक नाही. दीड वर्षात वाढली नाही, ती आता घाई करेल असं मला वाटत नाही. ऑपरेशन नको. वर्षाने पुन्हा स्कॅन करू. ही जुनी आणि ही नवी, दोन्ही घेऊन या.’ मग दादांकडे बघून म्हणाले, ‘अख्खी आणा.’

बाहेर आल्यावर सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. हातातला रुमाल उलगडून पुन्हा घडी करत होत्या. घाबरल्या होत्या हे आम्हाला तेव्हा कळलं, घाबरायचं कारण संपल्यावर.

दादांनी घसा खाकरला. ‘तर आता दोन फाइली झाल्या. नवी थोडी मोठी आहे. मी असं सुचवतो, की—’

‘माझी मला द्या,’ सासूबाई म्हणाल्या.

‘अगं, तुझीच आहे. पण सांभाळायला—’

‘मीच सांभाळते. तुझ्या त्या काडीत दोन्ही घाल आणि काडी मला दे. मी दाबून ठेवते. ज्याला ओरडायचंय त्याने मला येऊन ओरडा.’

दादा कधी नव्हे ते गडबडले. हिने दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या. दादांनी तो घेतला, आपल्या शर्टाला पुसला आणि आईच्या हातात दिला. त्यांनी तो रुमालात बांधला.

‘कबुतरांना नको लावूस,’ बाळू म्हणाला.

‘हिला भोकच नाही, ही लटकणार नाही. मी बघितलं.’

‘आईला आजच आम्ही नेतो,’ ही म्हणाली.

‘अजून माझे दहा-बारा दिवस आहेत,’ बाळू म्हणाला.

‘असू देत. तू आधी पाठ दाखव कोणाला तरी.’

‘ते दिवस मग पुढे वळते करावे लागतील,’ दादा म्हणाले, पण अगदी हळू, आणि कोणी वळून बघितलं नाही तेव्हा त्यांनी आईची बॅग उचलली आणि गाडीपर्यंत नेली. बॅग जड होती. त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती. बाळू म्हणाला, ‘चल, मी सोडतो स्टँडवर.’ दोघं गेले. स्टँडपर्यंत काय बोलले ते मला माहीत नाही. बहुधा झाकणाबाबत.

गाडीत सासूबाई मागे, ही त्यांच्या शेजारी. रस्ता तुंबला होता. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागत होते, विझत होते. मी आरशात पाहिलं तेव्हा हिने फोन काढला होता. मला वाटलं, कप्पा पुसतेय, किंवा त्याचं नाव बदलतेय. तिने तसलं काही केलं नाही. तितका उत्साह तिच्यात उरलेला दिसला नाही. ती नुसती एक पत्र उघडून वाचत होती. मोठं नसावं. तरी पुन्हा वाचलं.

‘कुणाचं?’ सासूबाईंनी विचारलं.

‘बाळूचं.’

‘आत्ता तर होता समोर. काय म्हणतो?’

‘पाठ दुखतेय म्हणतो. आईला थोडे दिवस नेता का, विचारतो.’

‘नेलं की.’

‘हो,’ ही म्हणाली. ‘हे मागच्या वर्षीचं आहे.’

सासूबाईंनी रुमाल या हातातून त्या हातात घेतला. ट्रक थोडा हलला आणि पुन्हा थांबला. तेवढ्यात हिच्या फोनने एक बारीक आवाज केला. नवं काहीतरी कप्प्यात येऊन पडलं होतं. तिने ते उघडलं नाही, पण फोन पालथाही ठेवला नाही. बाळूच्या पत्राखाली उत्तराची जागा उघडली आणि बोटं त्यावर तशीच ठेवून बसली.

‘लिही काहीतरी,’ सासूबाई म्हणाल्या.

‘लिहिते,’ ती म्हणाली. ‘थांब जरा.’